बारा खाचा आणि एक फुली

काठी आईनं बंबात घातली, हे मला आंघोळ उरकल्यावर कळलं.

डोकं पुसत परसात आले तर धुराला ओळखीचा वास. लाकडाचा नाही, गोवरीचाही नाही. तेलकट, घशाशी चिकटणारा, किंचित गोडसर. मी शाळेत असताना लग्नसराईत हा वास पहाटे चार-साडेचारला घरात शिरायचा. आधी वास, मग चपलांचा आवाज, मग आप्पा. बंबाशी वाकून पाहिलं तर काठीचं वीतभर टोक बाहेर उरलं होतं आणि आतल्या बाजूनं ज्योत त्याच्याकडे सरकत होती. "अगं, ही काठी..." एवढंच मी म्हटलं. आई सोप्याच्या पायरीवर शेंगा फोडत बसली होती. "कामाची होती व्हय? तूच म्हणालीस की, आता पाईप बसवलाय, काठी लागत न्हाई." मग जरा थांबून, खऱ्या कौतुकानं म्हणाली, "पण काय पेटली गं! काडी लावायचा अवकाश."

विषय तिथंच संपला. भांडण झालं नाही. मी रागावलेही नाही, कारण रागवायला मला तोंडच नव्हतं. काठी लागत नाही असं मीच म्हणाले होते, ते काही खोटं नव्हतं, आणि तिला लागेनाशी करणारी वस्तूही मीच माझ्या हातानं केली होती. तिच्या जाळावर तापलेल्या पाण्यानं आंघोळही मीच केली होती. तरी दिवसभर जिभेला काहीतरी टोचत राहिलं. दातात शेंगदाण्याचं टरफल अडकावं तसं.

ती काठी म्हणजे हातभर लांब, बोटभर रुंद अशी कळकाची कामटी. मूळचा रंग कुणालाच आठवत नसेल. मी पाहिली तेव्हापासून काळपट, तुकतुकीत, तुपात परतल्यासारखी. तिच्यावर कोयत्यानं पाडलेल्या बारा खाचा होत्या, आणि खालून पहिल्या-दुसऱ्या खाचेच्या मधे एक बारीक फुली. जनरेटरच्या टाकीचं झाकण उघडायचं, काठी चिंधीनं कोरडी करून तळाला टेकेपर्यंत सोडायची, बाहेर काढून उजेडाशी तिरपी धरायची आणि ओल कुठवर आलीय ते बघायचं. "सातवर हाय." झालं मोजमाप. पस्तीस वर्षं आमच्या घरात डिझेल लिटरात नव्हतंच. ते खाचांत होतं.

इंजिन किर्लोस्करचं, पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, उभं. इंजिन बनलं असेल पुण्याला, पण सांगली जिल्ह्यातल्या माणसाला इंजिन म्हटल्यावर पुढचा शब्द सांगावा लागत नाही. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून ते नाव आमच्याकडे नांगर, मोट, रहाट यांच्या पंक्तीला बसलंय. १९८६ साली नदीकाठच्या एका बागायतदारानं पाण्यावर विजेची मोटर बसवली आणि हे डिझेल इंजिन मोडीत काढायचं ठरवलं. आप्पांनी ते आणलं, लोखंडी गाड्यावर चढवलं, शेजारी तीन केव्हीएचा अल्टरनेटर जोडला. मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आधीपासून होताच, त्याला आता स्वतःची वीज झाली. मूळची टाकी रात्रभराच्या लग्नाला पुरायची नाही म्हणून वेल्डरकडून पत्र्याची मोठी टाकी करून घेतली. आडवी, डब्यासारखी गोल, ३० सेंटिमीटर व्यासाची आणि ३५ लांबीची. काठोकाठ भरली तर पंचवीस लिटरला थोडी कमी. कंपनीच्या टाकीला निदान काच असते, हिला झाकणाशिवाय काही नव्हतं. म्हणून काठी.

आमच्या घराच्या बरकतीची वर्षं म्हणजे भारनियमनाची वर्षं. हे आता लिहिताना थोडं ओशाळायला होतं. लाईट गेली की गाव हळहळायचं आणि आमच्या चुलीवर चहा चढायचा. २००५ च्या पुढं तर आठ-आठ, बारा-बारा तास वीज नसायची आणि लग्न ठरलं की भटजींच्या आधी लोक जनरेटरची तारीख धरायला यायचे. वैशाखात आप्पा सलग आठ-आठ रात्री घरी झोपलेले मला आठवत नाहीत. त्याच दिव्याखाली, म्हणजे त्याच नसलेल्या दिव्याखाली, मी कंदिलाची काच पुसून दहावीचा अभ्यास केला, कारण जनरेटर भाड्यावर गेलेला असायचा. चांभाराच्या पोराच्या पायात जोडा नसतो म्हणतात, तशातली गत.

जनरेटर चालवायचे तात्या. आमच्या नात्यातले नव्हेत, पण तात्या म्हणजे तात्या. सगळा मांडव पुढं, झगमगाट पुढं, आणि गाडा मागं. आचाऱ्याच्या चुलाणापलीकडं, उकिरड्याच्या अलीकडं, आवाज पाहुण्यांना लागू नये म्हणून शक्य तितका लांब. तिथं पोत्यावर बसून तात्या रात्र काढत. वायरीवायरीनं जाऊन बल्ब बघायची त्यांना गरज नसे. समोरची एक ट्यूबलाइट कशी थरथरते त्यावरून इंजिन जड झालंय की हलकं हे त्यांना कळायचं, आणि मग ते इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा नट पाव फेरा इकडे किंवा तिकडे. फ्रिक्वेन्सी हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल, पण मिनिटाला दीड हजार फेऱ्यांचा नाद त्यांच्या कानात पक्का बसला होता. इतका पक्का, की पुढं त्या कानांनी बाकीचं ऐकणं जवळजवळ सोडून दिलं. इंजिन थंड ठेवायला शेजारी पाण्याचं पिंप असायचं. पहाटेपर्यंत ते पाणी कढत व्हायचं. पौषाआधीच्या थंडीतल्या लग्नांना आचारी, वाजंत्री, मंडपाची पोरं सगळे त्याच पाण्यानं तोंड धुवायला रांग लावत, आणि तात्या तांब्या हातात घेऊन वाढप्यासारखे उभे.

हे सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पोरीच्या जातीनं मांडवामागं कशाला जायचं? मी पाहुणी म्हणून पुढं बसायची, जिलबी खायची. एका जुन्या वळणाच्या घरात मुहूर्ताला घंगाळात घटिकापात्र सोडलेलं मात्र मी पाहिलं आहे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवतात, ती हळूहळू भरते आणि चोवीस मिनिटांनी बुडते, की एक घटका झाली. भटजींच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते चोरून त्यातच बघत होते. पण सगळी बायकामाणसं त्या वाटीकडे डोळे लावून. मला तेव्हाच वाटून गेलं होतं की मांडवाच्या पुढं एक वाटी भरतेय आणि मागं एक टाकी रिकामी होतेय, आणि लग्न या दोन्हींच्या मधे बसवायचं आहे. वाटलं म्हणजे आता असं वाटतं. तेव्हा जिलबीच दिसत असणार.

आप्पा २०१४ साली गेले. धंदा त्याआधीच आटला होता, कारण वीज राहू लागली होती आणि मोठी लग्नं कार्यालयात, त्यांच्या मुक्या हिरव्या पेट्यांसारख्या जनरेटरवर होऊ लागली होती. भावाला या गाड्यात रस नव्हता. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आईनं दोन्ही वेळा "बघू" म्हटलं आणि गाडा छपरीत ताडपत्रीखाली राहिला.

२०२० च्या एप्रिलात मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन गावी आले, महिन्याभरासाठी म्हणून, ती दीड वर्ष राहिले. मी हिशेबाचं काम करते. रकाने, बेरजा, ताळेबंद. घरी इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी दोन तासांत मान टाकायची, आणि वळवाच्या पावसानं तारा पडल्या की लाईट रात्रभर यायची नाही. तिसऱ्या अशा रात्रीनंतर तात्या आपण होऊन आले. मास्क हनुवटीवर. ताडपत्री ओढली, डीकंप्रेशनचा लिव्हर उचलला, हँडल घातलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं सहा-सात फेरे घेतले, लिव्हर सोडला, आणि इंजिन एकदा खोकून, दुसऱ्यांदा खोकून, सुरू झालं. छपरीतली सगळी चिमणीची पिल्लं ओरडायला लागली. आई दारात येऊन उभी राहिली. पदर नाकाला लावलेला. ती आत गेली नाही आणि जवळही आली नाही.

त्यानंतर तात्या रोज संध्याकाळी येऊ लागले. "तेल बघायला." पाचच्या सुमारास काठी सोडायची, "सहावर हाय, उद्या भागतंय" म्हणायचं, काठी आढ्याच्या खुंटीला अडकवायची आणि पायरीवर बसायचं. आई चहा आणायची. ते दोघं फारसं बोलत नसत. तात्यांना ऐकू येत नाही आणि आईला ओरडून बोलायला आवडत नाही. तरी अर्धा तास जायचा. कुणाच्या उसाला तोड आली, कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, कुणाचं माणूस मिरजेला दवाखान्यात आहे. मी आत खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली असे आणि मला ती काठीची हकिगत रोज कुणीतरी येऊन सांगणं थोडं गैरसोयीचं वाटू लागलं होतं. म्हणजे मला ठाऊक असावं, मला पाहिजे तेव्हा, कुणाला न विचारता. शिवाय पावसात झाकण उघडलं की पाण्याचे थेंब आत जातात, टाकीच्या तळाला पाणी साचतं, ते डिझेलला बरं नाही. हे कारण खरं होतं. पण ते मला नंतर सुचलं.

कल्पना गवंड्याची. परसातल्या मोरीची भिंत घ्यायला गवंडी आले होते, त्यांनी पारदर्शक पाईपात पाणी भरून एका टोकाला स्वतः आणि दुसऱ्या टोकाला बिगारी असं करत लेव्हल काढली. पंधरा फुटांवरच्या दोन भिंती, मधे वाळूचा ढीग, पण दोन्हीकडचं पाणी केसभरही हलत नव्हतं. मी मोरीची फरशी निवडायची सोडून छपरीत गेले. टाकीच्या तळाला गाळ सोडायचा बोल्ट होता. तो काढून तिथं पितळी टी बसवायचा, एका तोंडाला पुन्हा बोल्ट, दुसऱ्याला छोटा कॉक, कॉकला पाईप, पाईप टाकीला लागून सरळ वर, वरचं तोंड उघडं आणि आत कचरा जाऊ नये म्हणून वाकवलेलं. टाकीत जेवढं, तेवढंच पाईपात. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्यानं साडेतीनशे रुपयांत सगळं दिलं आणि "कशाला पाहिजे, मॅडम?" असं तीनदा विचारलं.

बसवायला दोन दिवस लागले. पहिला टी गळला. टेफलॉन टेप उलट्या दिशेनं गुंडाळला होता, आटे कसले की तो उलगडत बाहेर यायचा. दुसऱ्यांदा नीट बसला. इंजिन सुरू केलं तर पाईपातलं डिझेल थयथय नाचायला लागलं, काही म्हणजे काही वाचता येईना. मग कॉक जवळजवळ बंद करून फक्त दोऱ्याएवढी वाट ठेवली, तेव्हा ते शांत झालं. आणि एक अडचण म्हणजे डिझेल दिसतच नाही. काढ्यासारखं फिकट पिवळं, त्यात पाईपही पिवळसर. कुठवर भरलंय ते कळायला डोळे बारीक करावे लागत. त्यासाठी पाईपामागं पांढरी पट्टी लावून तिच्यावर तिरक्या काळ्या रेघा ओढल्या. हा या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत आवडलेला भाग. पाईप रिकामा असेल तिथं रेघा जशा ओढल्या तशा दिसतात, आणि जिथं डिझेल आहे तिथं त्याच रेघा उलट्या दिशेला कललेल्या दिसतात, कारण भरलेला पाईप भिंगाचं काम करतो. उजेडातून नुसतं पाहिलं तरी कळतं, रेघ कुठं मोडली. मी आईला हात धरून दाखवायला नेलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि पाईपाच्या बुडाशी पडलेला ओला डाग चपलेनं मातीखाली सारला.

तात्यांनी बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून कॉक पाहिला, हा फुटला तर तेल सायलेन्सरवर पडेल, तेव्हा पाईप त्या अंगाला नको, असं खुणेनंच सांगितलं. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाईप दुसऱ्या बाजूला घेतला. "बरं झालं," ते म्हणाले. "आता बघायला नगो."

मला ते कौतुक वाटलं.

पट्टीवर आकडे टाकताना मी हिशेबनीसासारखीच वागले. उंची तीस सेंटिमीटर, पंचवीसच्या आसपास लिटर, म्हणून बारा सारखे भाग, भागाला दोन लिटर. आकडे सुबक, रंग ऑइलपेंट. आठवड्यानं, भर मार्चअखेरच्या कामात, पट्टी सहा लिटर दाखवत असताना निवांत बैठकीला बसले. लॅपटॉप, पंखा, फ्रीज एवढ्यावर तासाला अर्धा-पाऊण लिटर, म्हणजे रात्रभराची निश्चिंती. सहा तासांनी इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं. टाकी कोरडी. डिझेल ओतून भागत नाही, कारण रिकामं होईतो चाललेलं डिझेल इंजिन एअर धरतं, म्हणजे त्याच्या नळ्यांत हवा अडकते. रात्री साडेअकराला तात्यांना उठवलं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात फिल्टरचा स्क्रू ढिला केला, फेसाळ डिझेल वाहू दिलं, फेस संपल्यावर आवळला, मग पंपाचा, मग इंजेक्टरच्या नळीचा नट, आणि मला हँडल मारायला लावलं. नळीच्या तोंडातून डिझेलची पिचकारी निघाली तेव्हा म्हणाले, "आता आवळ." इंजिनाचं हँडल मी जन्मात पहिल्यांदा मारलं. चूक माझी होती, वेळ रात्रीची होती, हात डिझेलनं बरबटले होते आणि मी खरोखर खूश होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

चूक कुठं झाली ते सकाळी वहीवर कळलं. टाकी आडवी आहे, गोल आहे. मधे रुंद, वर-खाली निमुळती. निम्म्या उंचीला निम्मं डिझेल, इथवर ठीक, पण पाव उंचीला पाव नसतं, जेमतेम पाचवा हिस्सा असतो. माझ्या पट्टीवरचे सहा लिटर म्हणजे प्रत्यक्षात पावणेपाच, त्यातलं लिटरभर तर नळीच्या तोंडाखाली, गाळासाठी सोडलेलं, कधीच न येणारं. एक्सेलमध्ये वर्तुळखंडाचं सूत्र घातलं, दोन-दोन लिटरच्या खुणा काढल्या. पहिली तळापासून चार सेंटिमीटरवर, दुसरी त्याच्या वर अडीचवर, मधल्या दोन सेंटिमीटरहूनही जवळ, पुन्हा वर जाताना लांब लांब. कागद घेऊन छपरीत गेले, खुंटीवरची काठी काढली आणि कागदाशेजारी धरली.

बारा खाचा. एकूणएक खुणांवर.

गव्हाच्या दाण्याएवढा फरक दोन ठिकाणी, बाकी तंतोतंत. आप्पा सातवी शिकलेले. त्यांनी सूत्र नव्हतं वापरलं. रॉकेलच्या दुकानातलं लिटरचं माप आणून दोन-दोन मापं ओतत गेले असणार आणि दर वेळी काठी बुडवून ओल येईल तिथं कोयता टेकवला असणार. टाकी जशी होती तशी त्यांनी मोजली, मी मला सोयीची होती तशी मोजली. पुढं मला आठवलं की हे मला कळायला हवं होतं, कारण पावसाळ्यात आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. सांगलीच्या आयर्विन पुलाला पट्टी आहे, ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ च्या पुढं गेलं, २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्याही वर. तेव्हा मी पुण्यात बसून दर तासाला फोन करायची, "आयर्विनला किती?" आणि आई म्हणायची, "आकडा काय सांगू, बोळात आलंय." नदी पात्रात असते तोवर पाणी सरसर चढतं. काठ सोडला की आडवं पसरतं, फूट सावकाश चढतो, पण त्या एका सावकाश फुटात किती गल्ल्या, किती गोठे, किती ऊस. पट्टीवर मात्र सगळे फूट सारख्याच अंतरावर रंगवलेले. त्या पुरात तात्यांनी हाच गाडा ट्रॅक्टरला जोडून शाळेच्या उंचवट्यावर नेला होता आणि चार दिवस गावाचे मोबाईल चार्ज केले होते. तेव्हा डिझेल मिळायची मारामार होती आणि ते काठी घेऊन बसलेले असत, हे मला आईनं नंतर सांगितलं.

फुली मात्र कुठंच बसेना. पहिल्या-दुसऱ्या खाचेच्या मधे, तीन लिटरच्या आसपास, पण दोनाच्या हिशेबात तीन येत नाही. मी ठरवून टाकलं की कोयता घसरला असेल. बारा बरोबर आलेल्या माणसाची तेरावी खूण चुकीची, हे ठरवायला मला मिनिटसुद्धा लागलं नाही. नवी पट्टी रंगवली, बारा रेघांची. काठी खुंटीला परत.

आणि तात्या येईनासे झाले. म्हणजे भांडून नाही. रोजचे चारदा आठवड्यातून झाले, मग रविवारी, मग काही निमित्त असेल तर. बघायचं काही उरलंच नव्हतं. पायरीवर संध्याकाळी आई एकटी असायची आणि चहाचं आधण मात्र कितीतरी दिवस तीन कपांचं चढायचं. मी एकदा म्हटलं, तात्यांना बोलवू का? ती म्हणाली, "कशाला? काम असलं तर येतील की." पावसाळा संपता संपता पाईप पिवळा पडून वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा ताठ झाला. साधा पीव्हीसी डिझेलला टिकत नाही, हेही मला आधी माहीत नव्हतं. वर्कशॉपमध्ये हवेच्या लाईनला वापरतात तो पीयूचा निळसर पाईप आणून बदलला. तोही मीच बदलला. तात्यांना बोलवायचं ते एक निमित्त होतं, ते असं गेलं.

आई त्या काठीबद्दल काय धरून होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. बंबाच्या धुरात उभी राहून मला पहिल्यांदा दिसलं की मी जो वास आप्पांचा म्हणून जपून ठेवलाय, तो तिनं तीस वर्षं धुतला आहे. त्यांचे कपडे वेगळे, सोड्यात उकळून, वेगळ्या दगडावर. तरी उशीला वास. तरी भाकरीला वास, असं ती एकदा म्हणाली होती. त्या वासानं दिवाळी केली आणि त्या वासानं तिला एकही लग्न शेवटच्या पंक्तीपर्यंत आप्पांसोबत बसून जेवू दिलं नाही. काठी तिनं नकळत जाळली की कळून, हे तिच्या तोंडावरून समजण्यासारखं नव्हतं. शेंगा फोडायचा वेग तोच होता.

भोगीच्या दिवशी आईनं तात्यांना जेवायला बोलावलं. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, भोगीची भाजी. जेवून हात पुसत ते सवयीनं छपरीत गेले, सवयीनंच खुंटीकडे हात केला आणि हात तसाच वर राहिला. "काठी कुठं गेली?" माझ्या पोटात गोळा आला. आई मागून ठणठणीत आवाजात, त्यांना ऐकू जावं म्हणून जवळजवळ ओरडून, म्हणाली, "बंबात घातली, तात्या! काय पेटली म्हणून सांगू!"

तात्या तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. खांदे हलवत, आवाज न करता. "पेटंल न्हाई तर काय. पस्तीस वर्सं डिझेल प्यालीया." मग म्हणाले, "पाणी तरी कडक तापलं का?" तापलं होतं, असं आई म्हणाली. मी तेवढ्यात मोबाईल काढून काठीचा फोटो शोधत होते, कागदाशेजारी धरली होती तेव्हा काढलेला. त्यांना दाखवला, बोटांनी मोठा केला, आणि फुलीवर बोट ठेवून विचारलं, "ही कोयता घसरून झालेली का?"

"ही? ही सायकलची."

मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं, मुक्या माणसाला सांगावं तसं हातवारे करून. तेव्हा डिझेलचा पंप अकरा किलोमीटरवर. लग्नात मध्यरात्री तेल कमी पडलं तर पोराला सायकलवर कॅन देऊन पिटाळायचं. जाताना रिकामा, येताना वीस लिटर मागं आणि रस्ता खडीचा. सगळा मिळून दोन, सव्वादोन तास. ओल फुलीवर आली की हातातलं सगळं टाकून पोरगं सोडायचं. त्याच्या खाली गेली तर पोरगं परत यायच्या आत मांडवात अंधार. "पयली दोन लग्नं अंधारात गेली, मग तुझ्या बापानं मारली ही खूण. पोरगं म्हंजे मीच." पहिल्या वर्षी ते इंजिनावर नव्हते, सायकलवर होते. तेही मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी टाकीवर बोटाच्या पेरांनी वरून खाली टकटक केली, एका जागी थांबले, आणि तिथं बोट ठेवूनच माझ्या पाईपाकडे पाहिलं. रेघ त्यांच्या बोटापासून फार लांब मोडत नव्हती. "बरोबर दावतंय," ते पाईपाला म्हणाले, मला नाही. चंची सोडली, चुन्याची डबी काढली आणि करंगळीच्या नखानं माझ्या ऑइलपेंटच्या पट्टीवर, दोन आणि चारच्या मधे, चुन्याची फुली काढली. थोडी तिरकी आली. पुसून पुन्हा काढली.

पंप आता बायपासला झालाय, दीड किलोमीटरवर, चोवीस तास उघडा. ते मी बोलले नाही. त्यांच्याच नातवाची गाडी रोज तिथं उभी असते. आईनं आतून विचारलं, चहा किती टाकू, आणि तात्यांनी न ऐकताच तीन बोटं दाखवली.